स्वप्नील आला आणि मेमरी फुगली

"तो यायच्या आधी सर्व्हर पडत नव्हता," ग्रेग म्हणाला.

ग्रेग आमचा मॅनेजर. 'तो' म्हणजे शेजारी मान खाली घालून बसलेला स्वप्नील. नागपूरचा, टीममध्ये नवा. त्याच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन, म्हणजे मुदतवाढीचा अर्ज, कंपनीकडून फाइल व्हायचं होतं, आणि ग्रेग ते आता अडवायच्या बेतात होता.

इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये आमची कंपनी गाड्यांकडून येणारा डेटा साठवते. त्या सर्व्हरची मेमरी फुगत जायची आणि तो आडवा व्हायचा. ग्रेगच्या मते स्वप्नीलच्या कोडमध्ये लीक होता. म्हणजे प्रोग्रॅम मेमरी घेतो आणि सोडायचं विसरतो.

मी स्वप्नीलला बाजूला घेतलं. "खरं सांग, काय बदललंस?"

"काही नाही ना ताई. सर्व्हर रोज आपोआप रीस्टार्ट करणारी जुनी स्क्रिप्ट होती. म्हटलं, कशाला हवी? काढून टाकली."

मी कपाळाला हात लावला. रोजच्या रीस्टार्टने मेमरी मोकळी होत होती. दुखणं जुनंच होतं, या बाबाने फक्त गोळी बंद केली होती.

लीक शोधणारी टूल्स चालवली. लीक नव्हताच. मग उरला अ‍ॅलोकेटर, म्हणजे प्रोग्रॅमला मेमरी देणारा आणि परत घेणारा भाग. ऑफिसच्या फ्रिजमध्ये डबे कसेही कोंबले की फटी दिसतात, पण पातेलं मावत नाही. आमच्या अ‍ॅलोकेटरचं तेच झालं होतं. रिकामी जागा असून तो सिस्टिमकडे आणखी मागत होता.

"दुसरा ओपन सोर्स अ‍ॅलोकेटर लावून बघू," मी म्हटलं.

"फुकटचा? बिघडला तर फोन कोणाला करायचा?"

"आत्ताचाही फुकटच आहे. त्याच्यासाठी कोणाला केलास?"

ग्रेगने परवानगी दिली.

कोडची एक ओळही न बदलता आम्ही नवा अ‍ॅलोकेटर लावला. मेमरीचा ग्राफ थोडा चढला, मग सरळ रेषेत चालत राहिला.

"आणि स्वप्नीलचा कोड?" ग्रेगने विचारलं.

"होता तसाच आहे."

"ती रीस्टार्टची स्क्रिप्ट कोणी लिहिली होती?"

"तू."

ग्रेगने कॉफीचा घोट घेतला, "ओके" म्हणाला आणि एचआरकडे गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाला होता, आणि साधं सॉरी नाही! मला असा राग आला!

स्वप्नीलने तिथेच उभ्या उभ्या बायकोला फोन लावला. "अगं, फाइल करताहेत. पोराचं नाव शाळेत घालून टाक आता." मग तो बराच वेळ नुसता "हो, हो" म्हणत राहिला.

आता टीममध्ये कोणी नवीन आलं की मी एवढंच सांगते. निरुपयोगी काही दिसलं तर जरूर काढ, पण आधी मॅनेजरकडून मेलवर होकार घे. मग निदान आळ दोघांवर येतो.