गव्हाण म्हणजे कोटना

मी गोंदियात मिशनच्या शाळेत लागलो तेव्हा आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी एकटाच होतो, आणि ते मी कुणाला विसरू देत नव्हतो. लागलो म्हणजे कच्चा लागलो. उन्हाळ्यात शाळा सुटली की नोकरीही सुटायची, शाळा उघडली की पुन्हा अर्ज. अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी पाद्रीसाहेब म्हणाले, "मास्तर, यंदा नाताळच्या नाटकाचा रंगमंच तुम्ही उभा करा. मंडळी खूश झाली तर तुम्हाला पक्कं करण्याचं मी कमिटीत बोलतो."

हे मी स्वतःच ओढवून घेतलं होतं. चर्चमध्ये नाटकासाठी पडदे गोंदियातल्या एका नाटक कंपनीकडून भाड्याने यायचे. तिच्याकडे राजवाडा आणि जंगल असे दोनच पडदे. म्हणून दर वर्षी येशूचा जन्म राजवाड्यात व्हायचा. मागे खांब, झुंबर आणि कोपऱ्यात रंगवलेला मोर. मी हिंदू माणूस, पण वाचलेला. आदल्या वर्षी बोलून गेलो, "गोठ्यात जन्मलेल्याच्या मागे मोर कशाला?"

आता गोठा मी करायचा होता, आणि मिळालेल्या पैशात धड कापडही आलं नसतं. बांबूचे ताटवे उभे केले, माती-शेण कालवून ते स्वतः सारवले. छपराला धानाचा पेंढा, म्हणजे आमची तणस, टाकली. दाराशी शिंदीच्या झावळ्या बांधल्या. आकाशासाठी माझी दोन धोतरं निळीत बुडवली, ती पुन्हा कधी पांढरी झाली नाहीत. मंडळीतले लोक येऊन पाहायचे आणि तोंड वाकडं करायचे.

"हे तं आमच्या घरावानीच दिसून राहिलं, गुरुजी."

"तसंच दिसायला पाहिजे."

"मंग घर सोडून इथं पाहाले कायले यावं?"

 मी रागाने भिंतीवर शेणाचा आणखी एक हात फिरवायचो.

राहिली ती बाळाला ठेवायची गव्हाण. मराठी बायबलात हाच शब्द आहे. मी बाजारातल्या एका म्हाताऱ्या बुरडाकडे गेलो, हात पसरून लांबी दाखवली आणि शुद्ध भाषेत सांगितलं, "एक मोठी गव्हाण हवी." कशासाठी ते सांगितलं नाही. गव्हाण कशासाठी असते हे काय सांगायचं असतं? तो म्हणाला, "होते."

नाताळ आठ दिवसांवर आला असताना तो घेऊन आला. छातीएवढी उंच, आतून शेणाने लिंपलेली, वर झाकण असलेली बांबूची ढोली, धान्य साठवायची.

"हे काय?"

"गव्हान."

"गव्हाण अशी असते?"

"तुमीच तं मनलं ना, गुरुजी. धान भरते ते ढोली, गहू भरते ते गव्हान. आमी तं भात खाणारे. मले वाटलं, पाद्रीसायबाकडं गहू खातेत."

"अहो, ढोरं जिच्यात खातात ती गव्हाण."

म्हाताऱ्याने मला खालून वर पाहिलं. "मंग सिधा कोटना मना ना. पन तो लाकडाचा रायते, म्या काऊन करू? इतके शिकले अना कोटना मालूम नाई?"

मालूम कसा नव्हता. घरच्या कोटन्यात मी लहानपणी रोज कोंडा कालवत होतो. असले शब्द चारचौघांत तोंडातून निघू नयेत म्हणून तर नागपुरात चार वर्षं जीभ घासली. आणि आता सबंध गोंदियात मला कोटना मिळेना. ज्यांच्याकडे होता त्यांच्या गाई-म्हशी त्यातच खात होत्या.

रविवारी छोट्या गाडीने अर्जुनीला उतरून गावी गेलो. वडील कोठ्यात, बैलांपाशी होते.

"कोटना? शयरात कोटना कायले?"

मी सगळं सांगितलं. 

"देवाचं लेकरू कोटन्यात निजवलं?"

"हो."

"म्हंजे त्या ढोराईचं खानं गेलं त्या दिवशी." त्यांनी वाकून कोटना उलटा केला, उरलेला कोंडा झाडला. "ने, बाबू. आमचेबी भुईवर खातीन."

मोहाच्या खोडाचा तो कोटना आजोबांनी कोरलेला. बैलांच्या माना घासून घासून काठ गुळगुळीत झालेले. स्टेशनवर गार्डाने विचारलं, "मास्टरजी, ये नाव लेकर किस नदी पे जा रहे हो?" मी हसलो नाही.

पण रंगमंचावर मांडला आणि पहिल्यांदा मला बरं वाटलं. आत तणस पसरली, लांब जाऊन पाहिलं. आता तो गोठा वाटत होता. मोर गेला होता.

दुसऱ्या दिवशी, नाताळच्या सकाळी, मी कंदील टांगायला चर्चमध्ये गेलो. पाद्रीसाहेब आणि मंडळीतले दोघे-तिघे गुडघे टेकून बसले होते. प्रार्थना नव्हती. तांदळाच्या पिठाची खळ लावून ते कोटन्याला सोनेरी कागद चिकटवत होते. काठ, पोट, बुड, काही सोडलं नव्हतं.

"या मास्तर. जरा शोभा आणली. प्रभूचं आसन आहे हो."

"साहेब, ती गव्हाण आहे."

"गव्हाणच आहे. फक्त चांगली दिसते आता."

झावळ्या छाटायचा चाकू माझ्या खिशात होता. खळ अजून ओली होती, सगळा कागद घडीभरात निघाला असता. जो माणूस मोराबद्दल बोलला होता त्याने आताही बोलायला हवं होतं. पण मला कमिटी आठवली, उन्हाळा आठवला. मी कंदील टांगला.

मंडळी खूश झाली. तीन दिवसांनी पाद्रीसाहेबांनी पक्क्या नोकरीचं पत्र हातात दिलं. "कमिटीला तुमची ती सोन्याची गव्हाण फार आवडली," ते म्हणाले. सारवलेल्या भिंतींबद्दल, माझ्या धोतरांच्या आकाशाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

कोटना परत गावी नेला. वडिलांनी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि तो नेहमीच्या जागी ठेवला. बैल जवळ येऊन हुंगू लागला, मग चाटू लागला. तांदळाची खळ त्याला आवडली. खरबरीत जिभेखाली कागद सुटू लागला.

मी पत्र काढून वडिलांना दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि जपून परत दिलं.

"कायच्यासाठी भेटली पक्की नौकरी?"

"त्या कागदासाठी," मी कोटन्याकडे पाहत म्हणालो.

त्यांनी वळून पाहिलं, तोवर बैलाने तो खाल्ला होता.