दसऱ्याचा टायर

"माणूस ज्या वस्तूची मनोभावे पूजा करतो, ती वस्तू त्याला कधी दगा देत नाही," बन्सीशेठ गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी टायरवरची वाळकी झेंडूची माळ उतरवली.

शिरूरच्या पेठेत बन्सीशेठचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. हा टायर गल्ल्याच्या वर खिळ्याला टांगलेला असे. दर दसऱ्याला त्याला नवी माळ आणि हळदकुंकू मिळे. तो विकायचा नव्हता. पण एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं टायरच्या टंचाईची होती, आणि गिऱ्हाईक अडलेलं होतं.

गिऱ्हाईक म्हणजे राहू गावाकडचे ग्रामसेवक कांबळे. त्यांची मोटरसायकल लहान आणि जुनी. कंपनीनं ते मॉडेल बंद केलेलं, त्यामुळे पुढच्या चाकाचा अरुंद टायर कुठंच मिळेना. दौंड पालथं घातलं, पुण्याला खेप झाली. जुन्या टायरच्या बाजूला चिरा पडून आतली ट्यूब डोकावत होती. आतून दुसऱ्या टायरचा तुकडा लावून ते दिवस काढत होते. त्या तुकड्याला आम्ही टायरवाले गेटर म्हणतो. गेटर म्हणजे फाटक्या धोतराला लावलेलं ठिगळ. लाज राखतो, जीव राखेलच असं नाही.

मागचा टायर फुटला तर गाडी शेपूट हलवते. पुढचा फुटला तर हँडल हातात राहत नाही. आणि कांबळ्यांच्या मागे रोज त्यांची बायको बसे. सुशीलाबाई आरोग्य केंद्रात नर्स होत्या. त्यांना सातवा महिना होता.

मी तेव्हा शिरूरच्या एस.टी. डेपोत टायर सेक्शन सांभाळत होतो. टायर निवडायला कांबळ्यांनी मला सोबत नेलं होतं.

"बघा मामा, नंबर त्योच. नक्षीला धक्का न्हाई," कांबळे मला म्हणाले.

नक्षीला धक्का लागणार कसा? टायरनं जमीन पाहिलीच नव्हती. मी नख रुतवून पाहिलं. रुतलं नाही. मग बाजू दाबून वाकवली. कुंकवाखाली बारीक भेगा उघडल्या.

"शेठ, किती दसरे झाले याला?"

"देवाचं वय विचारतात का?"

"देवाला ताशी चाळीसनं पळवायचं नाहीये."

सोबत आलेल्या सुशीलाबाई म्हणाल्या, "शेठ, आमच्याकडं टायरची पूजा नसते. हवा धरतोय का, तेवढं सांगा."

शेठ दुखावले. मी समजावलं की टायर नुसता टांगून ठेवला तरी रबर सुकतं, आणि दुकानाचं तोंड पश्चिमेला, म्हणजे रोज दुपारचं ऊन थेट अंगावर. वापरात नसलेला टायर झिजत नाही, पण म्हातारा होतो. शेठला हे पटलं नाही. कांबळ्यांना पटलं, पण ते टायर हातातून सोडेनात.

"मामा, परत न्हाई मिळायचा. मी हळू चालवीन की."

मी म्हटलं, "आधी डेपोत हवा भरून बघू. पैसे मागाहून."

"चला," शेठ म्हणाले. "माझ्यासमोरच भरा."

डेपो मॅनेजरसाहेबांना विचारणं भाग होतं.

"एस.टी.च्या डेपोत मोटरसायकल? उद्या लोक बैलगाड्या आणतील."

"बन्सीशेठ सोबत आहेत, साहेब."

"असं होय. मग चहा सांगा."

बसच्या टायरमध्ये हवा भरताना रिमची कडी उडून माणूस जायबंदी होऊ शकतो, म्हणून चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरतात. त्या पिंजऱ्यात आम्ही हे चाक ठेवलं. वाघाच्या जागी मांजर दिसत होतं. रिमवर चढताना टायर पापडासारखा कुरकुरला होता, तो आवाज शेठनी ऐकला नाही. मी नेहमीची हवा भरली, वर थोडी जास्त. तापल्या रस्त्यावर ती तशीही वाढतेच. मग चाक तिथंच उन्हात राहू दिलं आणि आम्ही चहाला बसलो.

काही झालं नाही. कांबळ्यांचा चेहरा खुलला. शेठनी माझ्याकडे पाहून दुसरा कप मागवला.

"आजकालच्या मालात श्रद्धा राहिलेली नाही," ते म्हणाले.

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. "आपल्या परंपरेत यंत्रालासुद्धा..."

तेवढ्यात टायर फुटला.

साहेबांचा चहा त्यांच्या पँटवर गेला. खड्ड्यात बसखाली काम करणारा मेकॅनिक पाना घेऊन वर आला. टायरची एक बाजू वीतभर फाटली होती आणि ट्यूबच्या चिंध्या बाहेर लोंबत होत्या.

सुशीलाबाईंनी पोटावर हात ठेवला. "बाळही दचकलं," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "हळू चालवला असता, तर हळू फुटला असता."

कांबळ्यांनी रुमालानं मान पुसली.

मग मी शेठना विचारलं, "तुमच्या गोडाऊनच्या पायरीशी मघाशी एक टायर पडलेला दिसला, त्याचं काय?"

"तो मागच्या चाकाचा. शिवाय एका नंबरनं रुंद."

"पण ताजा आहे?"

"मागच्या महिन्यातच आलाय," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. ताजा असणं त्यांना कमीपणाचं वाटत असावं.

रिमचा घेर तोच होता, फक्त रुंदी थोडी जास्त. मी तो मागवला, नव्या ट्यूबसह बसवून चाक फिरवलं. मडगार्ड आणि टायर यांच्यात बोट सहज फिरलं. मागच्या नक्षीचा टायर पुढे बसवला की चालताना जरा घुमतो, एवढंच.

ती दोघं गेली. त्यानंतर कितीतरी दिवस दौंडहून गाडी आली, की मी ड्रायव्हरला विचारत असे, "वाटेत कुणी मोटरसायकलवाला पडलेला दिसला का?" ड्रायव्हर म्हणत, "न्हाई." मला मनातून हायसं वाटे, आणि ड्रायव्हरना माझ्या डोक्याची काळजी.

मग एक दिवस कांबळे जिलेबीचा पुडा घेऊन डेपोत आले.

"मुलगी झाली, मामा. दौंडच्या दवाखान्यात. जीप मिळंना, म्हनून गाडीवरच नेलं."

"टायर?"

"घुमतोय. पण ही म्हनती, घुमू दे, त्या आवाजानं पोरगी झोपती."

त्या दिवशी मी साखरेचं पथ्य मोडून जिलेबी खाल्ली. टायर घेताना नक्षी शेवटी बघावी, वय आधी, हे नंतर मी पुष्कळांना सांगितलं. बहुतेकांनी नक्षीच बघितली.

फुटलेला टायर बन्सीशेठ परत घेऊन गेले होते. पुढच्या दसऱ्याला तो गल्ल्याच्या वर त्याच खिळ्याला होता. माळ नवी होती, आणि फाटकी बाजू भिंतीकडे.