सासूबाई घळीत उतरतात

ग्लासगोजवळच्या लाल दगडाच्या अरुंद घळीचा फोटो सासूबाईंना दाखवला मीच. "मला ह्याच्यात जायचंय," त्या म्हणाल्या. नागपूरहून पहिल्यांदाच आल्या होत्या आणि इथे येऊन तोंडाने मागितलं ते एवढंच. नवऱ्याने लगेच आम्हा तिघांची गाइडेड टूर बुक केली.

वेटसूट घालावा लागतो हे मात्र आम्ही दोघंही त्यांना सांगायला विसरलो. चेंजिंग रूममध्ये तो अंगाला चिकटणारा काळा रबरी सूट बघून त्यांचा चेहरा एवढासा झाला. आयुष्यभर फक्त साडी, घरात गाऊनसुद्धा नाही. "मुलासमोर हे घालून फिरू? शोभतं का मला?" मी म्हटलं, राहू द्या, आपण बाहेर बसून चहा घेऊ. तर डोळेच भरून आले त्यांचे. "अगं, पण जायचंय ना मला!" मग तरातरा बाहेर जाऊन त्यांनी मुलाला फर्मान सोडलं, "तू आत यायचं नाही. पलीकडे जाऊन थांब." बिचारा डब्याची पिशवी घेऊन निघाला.

साडी उतरली, पण परकर सोडायला बाई काही तयार होईनात. परकरावरूनच सूट चढवायचा! मी ओढतेय, त्या उड्या मारताहेत, शेवटी दोघी हसून हसून बाकावर कोसळलो. सगळा परकर कमरेपाशी गोळा झाला आणि पाठीमागची चेन कशीबशी लागली.

आत दोन्हीकडे लाल, शेवाळलेल्या भिंती, वर आभाळाची बारीकशी पट्टी आणि पायाखाली असलं गार पाणी! "अगं आई गं!" त्या किंचाळल्या. घळ उलट किंचाळली. मग काय, मुद्दाम किंचाळणं सुरू झालं. सगळ्यात चिंचोळ्या जागेतून गाइडबाई आडव्या होऊन सटकन गेल्या. सासूबाई परकरासकट अडकल्या. पुढे ना मागे. गाइडबाई पुढून हात धरून ओढताहेत आणि मागे मी, हात कुठे लावावा ह्या विचारात.

"काय करून राहिली तू? ढकल ना!"

"अहो आई, कुठे ढकलू?"

"जिथं अडकलं तिथं!"

ढकललं. लग्नापासून जपलेली माझी सगळी अदब त्या एका धक्क्यात गेली. त्या सुटल्या त्या गाइडबाईंना घेऊनच पाण्यात बसल्या आणि अशा हसत सुटल्या की श्वास घेता येईना. त्या क्षणी मला त्या इतक्या आवडल्या, की मीही तिथेच पाण्यात बसकण मारली.

घळीच्या पलीकडच्या तोंडाशी नवरा उभा होता. निथळत्या काळ्या सुटातली आई दिसताच त्याने चटकन मान वळवली आणि समोरच्या झाडाकडे बघू लागला. मी घाईघाईने टॉवेल पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"अरे, तिकडे काय बघतोस?" त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघ."