कापसाच्या खोलीतला लॅपटॉप

बोंडअळीचं साल. दिवाळी होऊन गेलेली, रविवारची दुपार. हजर : मोठे भाऊजी, जाऊबाई, माझे यजमान आणि मी. शिवाय लॅपटॉपच्या पडद्यावर, पुण्याहून, भाऊजींची मुलगी.

गाव मुकुटबनजवळचं, माझं सासर. आम्ही दोघं वणीला राहतो. मी तिथे एका कॉलेजच्या कार्यालयात आहे, त्यामुळे घरातले अर्ज, तिकिटं, दवाखान्याच्या वेळा ही कामं आपोआप माझ्याकडे येतात. ही बैठकही मीच ठरवली होती.

विषय एकच होता. मुलीला सातवा महिना लागला होता. तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, भाऊजी गेले नाहीत, आणि तेव्हापासून बापलेकीत बोलणं बंद. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. जाऊबाई तिला फोनवर ‘ये’ म्हणून थकल्या. तिचं उत्तर ठरलेलं : बाबा स्वतःच्या तोंडाने म्हणाले तर येईन. भाऊजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू, मोबाइलवर चेहरा नीट दिसत नसे, म्हणून लॅपटॉप नेला. ऐकू कमी येतं म्हणून कानात घालायची वायर नेली. चार्जर, एक्स्टेंशन, सगळं पिशवीत होतं.

रेंज मात्र माझ्या पिशवीत नव्हती. ती त्या घरात फक्त रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीपाशी येते, आणि ती खोली कापसाने भरलेली. अळीने बराच माल नेला, उरलेल्याला भाव नव्हता, म्हणून घरोघरी कापूस खोल्यांत कोंबलेला. पाहुणा आला तरी त्याला कापसावरच बसवत. आम्हीही तसेच बसलो. ढीग खिडकीला लागलेला, त्यावर सतरंजी, सतरंजीवर लॅपटॉप. मशीनला खालून हवा लागते हे मला माहीत होतं, पण स्टूल ठेवायलासुद्धा जमीन दिसत नव्हती.

भाऊजी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आले.

“दादा, दाढी केली?” यजमान म्हणाले. “माह्या लग्नात तं तशीच वाढवून आलता.”

“खाजून राह्यलं होतं म्हून केली. कापसात निजून निजून अंग सोललं माणसाचं.”

जाऊबाई तोंडाला पदर लावून हसल्या. सकाळपासून ते तीनदा आरशापुढे उभे राहिले, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं.

पडद्यावर मुलगी आली. वायर भाऊजींच्या कानात, त्यामुळे तिचं बोलणं फक्त त्यांनाच ऐकू येत होतं. आम्हाला तिचे ओठ हलताना दिसत आणि भाऊजींचं ऐकू येई. “थंडी पडली का तिकडं?” मग, “नळाले पाणी येते ना?” मग बराच वेळ नुसतं “हं, हं.” अखेर ते आमच्याकडे वळले.

“डॉक्टर हप्ताभरच प्रवास करू देन म्हणते, मंग नाही.”

म्हणजे विचारायचं ते तिने विचारलं होतं. आता त्यांनी बोलायचं होतं. ते पडद्याकडे वळले, खाकरले, आणि पडदा काळा झाला.

“गेलं!” त्यांनी कानातली वायर ओढून कापसावर टाकली. “तुमचं मशीन बी आमच्या कपाशीच्या पऱ्हाटीसारखंच निघालं. दिसाले हिरवंगार अन् अंदर काहीच नाही.”

मी कामाला लागले. चार्जर पाहिला, एक्स्टेंशन पाहिलं, घरातली लाइन पाहिली. उजेड वाढवायचं बटण दाबून पाहिलं. खाली हात घातला तर लॅपटॉप कापसात रुतलेला आणि चांगलाच तापलेला. “थंड होऊ द्या,” मी म्हटलं, “कोणी हात लावू नका.” कोणीही लावला नाही.

“लवकर म्हनाचं होतं ना!” जाऊबाईंचा आवाज चढला. “एका शब्दाले किती वेळ लागते तुमाले?”

“काय म्हणू तिले? घरात जागा कुठी हाये? कुठी निजवू, या कापसावर?”

जाऊबाई रडायला लागल्या. भाऊजींनी खोली एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

“ही खोली खाली करा लागन,” ते म्हणाले. “उद्याच गाडी सांगतो.”

“दादा, पुढं भाव चढन म्हणून राह्यले लोकं,” यजमान म्हणाले.

“भाव चढेपर्यंत पोरगी थांबन का? जाऊ दे, जो भेटन तो भाव.”

आम्ही मोबाइलवरून मुलीला फोन लावला. तिने उचलला नाही. कामात असेल, असं मीच सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्यालयात पोचले तोवर तिचा निरोप आला होता. “काकू, पडदा तुमचा गेला होता. मला तुम्ही सगळे दिसत होता, आवाजही येत होता. मी बाबांना हाका मारत होते. घरात जागा कुठे आहे म्हणाले तेव्हा मी फोन ठेवला. त्यांना हे सांगू नका, माझी शपथ आहे.”

पडदा काळा झाला म्हणजे मशीन बंद पडलं, असं आम्ही चौघांनी धरलं होतं. ते चालूच होतं. ती पुण्यात बसून हाका मारत होती आणि तिचा आवाज कापसात पडलेल्या वायरीत येत होता.

मी लगेच फोन केला. पुढचं सगळं सांगितलं, खोली, गाडी, भाव.

“काकू, तुम्ही सगळ्यांचं सगळं जुळवता,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “हेही जुळवूनच सांगताय.”

तिच्या आईनेही खोली रिकामी होतेय म्हणून सांगून पाहिलं. आई तर म्हणणारच, असं झालं. तोवर इकडे कापूस गेला होता. भाऊजींनी खोली झाडून घेतली, भिंतींना चुना दिला, खाट टाकली. जाऊबाई म्हणाल्या, आता तरी स्वतः फोन करा. त्यावर ते चिडले. “खोली खाली केली ना तिच्यासाठी! आता काय वाजंत्री पाठवू?” त्यांच्या हिशेबी निमंत्रण देऊन झालं होतं. तिच्या कानी मात्र नकारच पोचला होता. दोघांच्या मध्ये मी होते, आणि मला न सांगण्याची शपथ.

प्रवासाचा तो आठवडा निघून गेला. पुढे दिवस भरल्यावर मुलगा झाला, पुण्यातच. “शहरात दवाखाने चांगले असते,” भाऊजी म्हणाले, आणि पेढ्यांचा पुडा माझ्या हातात देऊन शेताकडे निघून गेले.

लॅपटॉप वणीत दुरुस्त झाला. पंख्यातून कापसाचा बोळा निघाला. मुलगी आता वर्षातून एकदा येते, सकाळी येऊन संध्याकाळी परत. बापाच्या पाया पडते, थंडीपाण्याचं बोलते. त्या खोलीत ती अजून निजलेली नाही.

मागच्या खेपेला ती निघून गेल्यावर भाऊजी अंगणात माझ्याजवळ आले. ते सहसा माझ्याशी थेट बोलत नाहीत. म्हणाले, “तवा मशीन बंद नसतं पडलं तं मी म्हणलोच होतो, ये म्हणून. तोंडात आलता शब्द.”

“हो,” मी म्हटलं.

मशीन बंद पडलं नव्हतं आणि ती ऐकत होती, हे मी त्यांना तिथेच सांगायला हवं होतं. मग त्यांनीच तिला फोन केला असता, आणि त्यांच्या तोंडून ऐकून तिने विश्वास ठेवला असता. शपथ मोडायची माझी तयारी झाली आहे. गावाला जाणं होतं, येणं होतं, सगळी कामं होतात. हे एक सांगायचं अजून राहिलं आहे.