कड्यावरची जीप

माझ्या नव्या जीपचे बॉल जॉइंट, म्हणजे पुढच्या चाकांचे सांधे, वर्षाच्या आतच खुळखुळ्यासारखे वाजू लागले. तुर्भ्याच्या वर्कशॉपात वॉरंटी मंजूर करणारे, खरं तर नामंजूर करणारे, एक गृहस्थ होते. ते चाकामागची माती नखानं खरवडत, बोटांत चोळत आणि अत्तर हुंगावं तशी हुंगत.

माझ्या गाडीची माती हुंगून ते प्रसन्नपणे म्हणाले, “नावडे गावची माती. तिकडे रस्ता कुठाय? रस्ता सोडून चालवली की वॉरंटी खलास.”

“अहो, रस्ता नाही म्हणूनच जीप घेतली ना!” मी भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट दाखवलं. तिथे हीच जीप कड्याच्या टोकावर दिमाखात उभी होती.

त्यांनी रुमालाला बोटं पुसली. “साहेब, ती चालवत नाय नेली, क्रेननं ठेवलीय. म्हणून तिची वॉरंटी शाबूत आहे.”