विजेवाल्याचा नारळ

महादेव सुताराचा मुलगा वाया गेला, असं सगळं लालबाग म्हणायचं. आणि का म्हणू नये? बाप सावंतवाडीकडून रंधा-पटाशी घेऊन मुंबईत आलेला, नाव काढलेला कारागीर. लेक तुळशीदास मात्र परळच्या गिरणीत विजेच्या यंत्रावर लागला, तारा जोडायला शिकला आणि तिथून फोर्टातल्या एका दुकानात गेला. ते दुकान पैसेवाल्यांच्या घरी विजेच्या घंटा बसवायचं. दिवेबिवे नव्हेत हो, घरोघरी विजेचे दिवे यायला अजून पुष्कळ अवकाश होता. नुसती घंटा! काचेच्या बरणीत नवसागराचं पाणी, त्यात जस्ताची कांडी, आणि तिथून निघालेल्या दोन तारा. एका खोलीत बटण दाबलं की दुसऱ्या खोलीत घंटा वाजायची.

बापाला हे मुळीच पटलं नव्हतं. "ह्यो खयचो धंदो रे झिला?" तो म्हणायचा. "वास्तुशांतीक जेका मान नाय, तो धंदो नाय."

म्हाताऱ्याचा हिशेब सरळ होता. घर पुरं झालं की मालक कारागिरांना बोलावतो, डोक्याला पागोटं बांधतो, हातात नारळ देतो. मजुरी पोटाला, मान धंद्याला. मानाचा नारळ महादेव घरातल्या देवाच्या कोनाड्यात ठेवायचा. कोनाडा इवलासा, त्यात देवांपुढे एकच नारळ मावायचा. पुढच्या घराचा आला की मागचा फोडायचा, अशी त्याची रीत.

मग गिरगावात जयवंतरावांनी जुन्या घरावर नवा माळा चढवला. जिना, दारं, खिडक्या महादेवाच्या हातच्या. त्यांच्या आई, आनंदीबाई, अर्धांगवायूने खिळलेल्या. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. काही हवं असलं की डाव्या हाताने तांब्या आपटायच्या, आणि पलीकडे स्वयंपाकघरातही कुणाला ऐकूच जायचं नाही. आता तर त्यांची खोली वर, नव्या माळ्यावर व्हायची होती. त्यांच्यासाठी घंटा बसवायची ठरली आणि दुकानाने पाठवलं ते तुळशीदासलाच.

जयवंतरावांना पहिला प्रश्न पडला तो दराचा. सुताराची रोजंदारी ठाऊक, गवंड्याची ठाऊक. विजेच्या माणसाला काय द्यायचं? शेजारी विचारावं तर गल्लीत दुसऱ्या कुणाकडे घंटा नाही! दुकानाने सांगितला तो आकडा ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, आणि "आईपेक्षा का पैसा मोठा?" म्हणत कबूल केला. त्यातलं तुळशीदासच्या पदरात काय पडायचं ते पडो, त्याचा जीव पैशात नव्हताच. बापासमोर एकदा आपलं नाव पुकारलं जावं, एवढंच त्याला हवं होतं. वेडंच म्हणा, पण होतं.

कामावर बापलेकांत भांडण झालंच. तार न्यायला तुळशीदासने बापाने बसवलेल्या सागवानी चौकटीला भोक पाडलं. म्हातारा असा कळवळला की जणू त्याच्याच अंगात गिरमिट घातलं!

वास्तुशांतीच्या सकाळी आनंदीबाईंना उचलून वर आणलं. तुळशीदास त्यांच्या पलंगाशी बसला. बटण त्यांच्या डाव्या हाताशी ठेवून तो म्हणाला, "आईसाहेब, भिऊ नका. दाबा." त्यांनी दाबलं. खाली घंटा घणघणली आणि सूनबाई दमयंती धावत वर आल्या. कुणीतरी आपल्या हाकेला आलं, हे बघून म्हातारीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहिलं.

पूजा आटोपली. पूजेचा पहिला नारळ वडीलधाऱ्यांना म्हणून गुरुजींनी वर आनंदीबाईंकडे पाठवला. मग जयवंतराव जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून नावं पुकारू लागले. महादेव सुतार, आधी. मग गवंडी, रंगारी, अहो, विहिरीतला गाळ काढणाऱ्या गड्यालासुद्धा नारळ मिळाला! तुळशीदासने उपरणं नीट केलं. पुढे नावच नाही.

"आणि विजेचं?" गुरुजींनी विचारलं.

"त्यांचं पागोटं-नारळ सकाळीच दुकानावर पाठवलं," जयवंतराव ऐटीत म्हणाले. "शेटजी खूश झाले."

ज्याचं त्याला आणि गाढव ओझ्याला! जयवंतराव वाईट नव्हते. त्यांच्या लेखी वीज दुकानाची, माणूस नुसता धाडलेला. तुळशीदासला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने बापाकडे बघितलंच नाही.

इतक्यात घंटा वाजली. दमयंती वर गेल्या आणि लगेच परत आल्या. "तारेकडे बोट दाखवतायत. बिघडली वाटतं."

"अहो, बिघडली तर वाजली कशी?" कुणीतरी हसलं. तेवढ्यात पुन्हा वाजली, आणि थांबेचना. तुळशीदास जिना चढला. मागून महादेवही निघाला.

आनंदीबाईंनी खालची सगळी नावं ऐकली होती. तुळशीदास जवळ येताच त्यांनी बटण सोडलं. कुशीतला पूजेचा नारळ डाव्या हाताने ढकलत ढकलत पलंगाच्या कडेला आणला आणि त्याच्या हातात दिला.

"अगो बाई, डाव्या हातानं!" जिन्यावरून कुणीतरी पुटपुटलं. नारळ डाव्या हाताने देत नाहीत, हे गिरगावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तुळशीदासने तो दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. जयवंतराव ओशाळून "एक पागोटं आणा रे" म्हणाले, पण पागोटी संपली होती.

लालबागपर्यंत बापलेक चालत आले. घरी आल्यावर महादेवाने रीतीप्रमाणे आधी जुना नारळ फोडला आणि आजचा नवा कोनाड्यात ठेवला. तुळशीदास आपला नारळ चुलीजवळ ठेवायला निघाला.

"आण हय," म्हातारा म्हणाला.

दोन नारळ कोनाड्यात मावेनात. महादेवाने उलटसुलट करून पाहिलं. मग स्वतःचा नारळ खाली उतरवला आणि डाव्या हाताने दिलेला तो नारळ देवापुढे नीट बसवला.

"माका खूप गावले," तो पाठमोराच म्हणाला. "ह्यो तुझो पयलो."