रफिकनं न लिहिलेलं पित्ताशय

रफिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत ऑपरेशनसाठी हात धूत होतो. पलूसला सोनोग्राफी करणारा माझा वर्गमित्र. "हार्ट अटॅक... जागच्या जागी," त्याचा भाऊ एवढंच म्हणाला. महिना झाला, अजून राग येतो त्याचा. न सांगता जायची ही काय रीत झाली!

आम्ही आयुष्यभर भांडलो, पण खरं भांडण एकच. कवठे महांकाळची सुनंदा. नवरा फौजेत, चार दिवसांत रजा संपणार, आणि ही बाई पोटातल्या कळांनी गडाबडा लोळायची. आधी दुसरीकडं केलेल्या सोनोग्राफीत 'आकसलेलं पित्ताशय, खडे' असं लिहिलेलं. मी ऑपरेशनची तारीख दिली आणि खात्रीपुरतं तिला रफिककडं धाडलं. त्याचा फोन आला, "पित्ताशय दिसत न्हाई, गड्या."

"उपाशी या म्हटलं तरी आपली माणसं चहा पिऊनच येतात. चहानं आकसलं असेल," मी म्हणालो. त्यानं दुसऱ्या दिवशी तिला घोटभर चहाही न घेता बोलावलं, कुशीवर वळवून, उभं करून तपासलं. "न्हाईच. जन्मापासनंच नसंल. आधी एमआरआय कर." मी भडकलो. असला पेशंट मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. "तू फोटो काढ, कापायचं मी बघतो," असं तोडून बोललो.

ऑपरेशनच्या सकाळी रफिकची स्वारी थिएटरात हजर. दुर्बीण आत घातली, तर यकृताखाली काहीच नाही! पण हट्ट... शोधत शोधत एका नळीपाशी आलो आणि पित्ताशयाचीच असणार म्हणून चिमटा पुढं केला.

"थांब रं!" रफिक ओरडला. "पित्ताची तेवढी एकच नळी हाय तिला. ती तोडलीस तर बाई जाईल."

त्याला बाहेर काढावं असं वाटलं मला, खोटं कशाला सांगू. पण हात मागं घेतला.

एमआरआयनं त्याचंच खरं केलं. कळा नळीच्या तोंडाशी येणाऱ्या पेटक्यांच्या होत्या, गोळ्यांनी थांबल्या. "तू सांग तिला," मी म्हणालो. "मी न्हाई. कापलंस तू, सांगायचं बी तूच." सांगितलं. सुनंदा म्हणाली, "आवं, नव्हतंच तर आत काय हुडकत व्हता?" रफिकनं हे कुणाला कधी सांगितलं नाही. आणि मी त्याला साधं 'चुकलो' म्हणालो नाही.

परवा एका पेशंटला घेऊन त्याच्या सेंटरवर गेलो. खुर्चीत आता एक तरुण डॉक्टर मुलगी बसते. "सर, दोनदा बघितलंय, खडा दिसत नाही," ती जरा घाबरतच म्हणाली.

"पुन्हा बघ, बाळ. मला घाई नाही," म्हणालो, आणि बाहेर बाकावर पेशंटांत जाऊन बसलो.